बुधवारची स्तुती-प्रार्थना, पुणे कॅम्प : ज्यांचं उत्तर अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी

पुण्यात स्तुती-आराधनेच्या सभा काही कमी नाहीत. दर आठवड्याला कुठे ना कुठे हॉल घेऊन, स्पीकर लावून कार्यक्रम चालू असतो आणि त्यातले बरेच मनापासून केलेले असतात. पण ज्या माणसाची प्रार्थना अजून अडकलेली आहे, ज्याच्याकडे सांगायला साक्षच नाही (साक्ष म्हणजे देवाने माझं काम केलं असा चारचौघांत सांगायचा अनुभव), अशा माणसाला शेजारी बसवून घेणारी सभा मला फार थोड्या ठिकाणी दिसली, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. कॅम्पातल्या एका जुन्या मराठी चर्चमध्ये दर बुधवारी संध्याकाळी सव्वासात ते पावणेनऊ अशी ही स्तुती-प्रार्थना असते. चर्चचं नाव इथे लिहीत नाही, कारण लोक तिथे घरातलं फार आतलं बोलतात आणि पाळकसाहेबांनीच, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनीच, तशी विनंती केलीय. स्टेशन, कॅम्प, रास्ता पेठ या भागातल्या कुठल्याही मराठी मंडळीत विचारा, पत्ता मिळेल.

आमच्या घरची गोष्ट थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं कळेल. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दरवेळी चार तास. आईला शुगर असल्यामुळे तिची किडनी चालत नाही, माझा रक्तगट जुळत नाही, वडील नाहीत, त्यामुळे त्याचं नाव हॉस्पिटलमार्फत वेटिंग लिस्टवर घातलंय. पुणे विभागाची ती लिस्ट झेडटीसीसी म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र बघतं, रक्तगटाप्रमाणे क्रम लागतो, आणि मग तुम्ही फक्त फोन चालू ठेवायचा. रात्री-अपरात्री कधीही येऊ शकतो आणि आला की लगेच निघायचं. आमच्या घरी फोन वाजला की आधी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, मग कोणीतरी उचलतं आणि तो क्रेडिट कार्डवाला असतो.

या काळात आम्ही बऱ्याच सभांना जाऊन आलो. शहरातल्या एका मोठ्या सभेत (नाव नको) माझ्या भावाला पुढे बोलवून सांगितलं की तू मोठ्याने स्तुती करत नाहीस, तुझा विश्वास कमी पडतोय, तू मोकळ्या आवाजात स्तुती कर मग बघ बंद दार कसं उघडतं. तो काही बोलला नाही. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाला की ताई, मला तिथे घसा फोडून ओरडायची ताकदच नव्हती गं, त्याच दिवशी मशीनवरून उठून आलो होतो. त्यानंतर तो कितीतरी महिने कुठल्याच चर्चमध्ये गेला नाही आणि मी त्याला आग्रहही केला नाही. स्तुती केली की देव देतो, नाही केली की अडवून ठेवतो, असं जे शिकवलं जातं ना ते मला आजही पटत नाही आणि मी ते इथे ठामपणे लिहितेय, कारण त्याने आजारी माणसावर दुसरा आजार चढतो. मग बुधवारच्या या सभेबद्दल आमच्याच नात्यातल्या एका मावशींनी सांगितलं.

आता सभेचं बोलते. सुरुवात गाण्यांनी होते, साधारण पंचवीस मिनिटं. पेटी, तबला, एक कीबोर्ड, आणि एक तरुण मुलगा आहे तो खंजिरी वाजवतो ती फारच सुंदर. गाणी बहुतेक मराठी, त्यात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं जास्त, मधूनच एखादं हिंदी. मला आवडलेली गोष्ट म्हणजे गाण्यांची निवड. नुसती उड्या मारायची गाणी लागत नाहीत. संथ, विनवणीची, डोळे भरून येतील अशीही असतात आणि ती म्हणताना कोणी माईकवरून "आता हात वर करा, हसा" असं सांगत नाही. ज्याला बसून म्हणायचंय तो बसतो. माझा भाऊ पहिल्यांदा आला तेव्हा पूर्ण वेळ शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसला होता, एक शब्दही गायला नाही, आणि त्याच्याकडे कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

गाण्यानंतर बायबलातलं एक स्तोत्र वाचतात. एक ओळ पुढून, एक ओळ मंडळीकडून, अगदी सावकाश. स्तोत्रसंहितेत एकंदर १५० स्तोत्रं, त्यातली जवळजवळ एक तृतीयांश तरी गाऱ्हाण्याची आहेत हे मला इथे यायला लागल्यावर नीट कळलं, कारण एरवी चर्चमध्ये आपण २३ वं, ९१ वं, १०३ वं अशी ठरलेलीच ऐकत असतो. इथे १३ वं वाचलं होतं. सहाच वचनांचं आहे, पण पहिल्या दोन वचनांतच दावीद राजा चार वेळा विचारतो की हे कुठवर चालणार. देवाला सरळ विचारतो, तू मला कायमचा विसरलास का. आणि त्याच स्तोत्राच्या शेवटी तो गातो. मधे काय झालं ते लिहिलेलंच नाही, शत्रू गेला नाही, दुखणं बरं झालं असंही नाही. पाळकसाहेब त्यावर जास्त काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले की ज्या तोंडाने विचारलं त्याच तोंडाने गायला, दोन माणसं नाहीत ती, एकच आहे. एका बुधवारी ८८ वं घेतलं, त्याचा तर शेवटही अंधारातच होतो. ते वाचून झाल्यावर पाळकसाहेबांनी काही गोड करून सांगितलं नाही, तसंच ठेवलं, आणि मग आम्ही भजन म्हटलं. त्या दिवशी भाऊ पहिल्यांदा गायला. आवाज बारीक होता पण गायला.

पाळकसाहेबांबद्दल इथेच लिहून टाकते. वयस्कर आहेत, नगरकडची बोली आहे, बोलणं वीस मिनिटांच्या आत संपवतात. मी ऐकलेल्या बोलण्यांपैकी हन्नाचं सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात ती मूल होत नाही म्हणून मंदिरात रडत असते, ओठ हलतात पण आवाज नाही, आणि एली याजकाला वाटतं ही दारू पिऊन आलीय. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शब्बाथ शाळेत ऐकलेली असते आणि आपण पटकन बाळाकडे जातो, शमुवेल झाला की गोष्ट संपली. पाळकसाहेब तिथे गेलेच नाहीत. त्यांनी पहिल्या अध्यायाचं १८ वं वचन धरलं, ती उठून गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पहिल्यासारखा उदास राहिला नाही. १९ व्या वचनात दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिने आराधना केली. बाळ अजून पोटातही नाही. एलीने फक्त एवढंच म्हटलंय की शांतीने जा, देव तुझं मागणं देवो. हातात काही नाही आणि बाई जेवायला बसली. बाकावर माझ्या पुढे एक जोडपं होतं, लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही, त्यातल्या बायकोने ते वचन आपल्या बायबलात पेन्सिलीने अधोरेखित केलेलं मी बघितलं.

यहोशाफाट राजाची गोष्टही स्तुतीच्या सभांमध्ये हमखास येते. सैन्याच्या पुढे गाणारे पाठवले आणि लढाई जिंकली, म्हणून तुम्ही पण गा आणि जिंका, असं. ती गोष्ट खरीच आहे, इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात २० व्या अध्यायात. पण गाणारे निघतात २१ व्या वचनात. त्याच्या आधी १२ व्या वचनात राजा सगळ्या लोकांसमोर, बायका-लेकरांसमोर कबूल करतो की एवढ्या मोठ्या जमावापुढे आमच्यात बळ नाही, काय करावं सुचत नाही, आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत. त्या मोठ्या सभेत १२ वं वचन कोणी वाचलं असतं तर माझा भाऊ रिक्षात तसा गप्प बसला नसता असं मला वाटतं.

आता साक्षींचा भाग, ज्याच्यासाठी मी मुख्य म्हणजे हा रिव्ह्यू लिहायला घेतला. बहुतेक ठिकाणी साक्ष म्हणजे काम झाल्यावर द्यायची. नोकरी लागली, व्हिसा आला, रिपोर्ट नॉर्मल आला, प्रभूची स्तुती असो, टाळ्या. त्यात वाईट काही नाही, आनंद सांगायलाच हवा. पण मागे बसलेला माणूस दर आठवड्याला दुसऱ्याचंच पत्र आलेलं ऐकत राहतो. इथे अर्धवट साक्ष चालते. म्हणजे उभं राहून सांगायचं की काम झालेलं नाही, आणि तरी या आठवड्यात मी देवाचे आभार कशाबद्दल मानतोय. एक मुलगा श्रीरामपूरकडचा आहे, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतो, तो उठून म्हणाला की निकाल पुन्हा पुढे गेलाय, घरून फोन आला की काय सांगायचं कळत नाही, पण अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्याने कालपासून डबा वाटून घ्यायला सुरुवात केलीय त्याबद्दल आभार. बसला. टाळ्या नाहीत, सगळे "आमेन" म्हणाले आणि पुढचा माणूस उठला. एक काका हडपसरला सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत, ड्यूटीला जायच्या आधी येतात, युनिफॉर्ममध्येच. ज्या दिवशी १३० वं स्तोत्र होतं, पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याच्याहून माझा जीव प्रभूची जास्त वाट बघतो असं त्यात आहे, तेव्हा काका म्हणाले, पहाट काही मी आणत नाही, ती तिच्या टायमाला येते, पण झोपून नाही चालत मला. एवढंच बोलले.

आणि आता जे लिहितेय ते लिहू की नको असा विचार बरेच दिवस केला, पण माझ्यासाठी ही सभा म्हणजे मुख्यतः हेच आहे. आम्ही ज्या फोनची वाट बघतोय तो आला याचा अर्थ दुसऱ्या कुठल्यातरी घरात कोणीतरी गेलेलं असणार, बहुधा अचानक, बहुधा तरुण, आणि त्या घरच्यांनी आयसीयूच्या बाहेर उभं राहून होकार दिलेला असणार. हे मनात आलं की मला प्रार्थनाच करता यायची नाही. देवाकडे नेमकं मागू काय? लवकर दे म्हणजे कोणाला तरी लवकर ने? मी हे आईलाही बोलले नव्हते. तिथे प्रार्थनेच्या विनंत्या चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकायच्या असतात, नाव लिहायची सक्ती नाही, तर मी एकदा हेच लिहून टाकलं. नंतर दोघं-दोघं, तिघं-तिघं बसून एकमेकांच्या चिठ्ठ्या घेऊन प्रार्थना करतात. माझी चिठ्ठी सत्तरीच्या एका आजींच्या हातात गेली आणि मी त्यांच्या मागच्याच बाकावर होते. आजींनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि त्या घरासाठी प्रार्थना केली जे घर आम्हाला माहीत नाही. म्हणाल्या, प्रभू, ते लोक आत्ता रात्रीचं जेवण करत असतील, त्यांना काही ठाऊक नाही, त्यांना आज एकत्र जेवू दे, आणि कधी त्यांच्यावर अशी वेळ आलीच तर तू त्यांच्या शेजारी आधीच जाऊन उभा राहा. लवकर, उशिरा असा शब्दच काढला नाही. आणि मग त्यांनी देवाची स्तुती केली की तो दोन्ही घरांचा बाप आहे.

तेव्हापासून मी रोज रात्री त्या घरासाठी प्रार्थना करते. फोनसाठी करायच्या आधी त्यांच्यासाठी करते. मला कोणी विचारलं की थांबण्याच्या काळात स्तुती का करायची तर मला सिद्धांत सांगता येणार नाही, पण आजींची ती प्रार्थना ऐकल्यापासून मला देवाशी बोलताना घाबरल्यासारखं होत नाही हे मात्र खरं.

मधे काही महिने भावाची डायलिसिसची वेळ नेमकी बुधवारी संध्याकाळचीच आली. या सभेचं लाइव्ह नसतं, मुद्दामच ठेवलेलं नाही, आणि चिठ्ठ्यांचा विचार केला तर मला ते बरोबर वाटतं. मग पेटीवाल्या भाऊंनी स्वतःच सुचवलं की गाण्याच्या वेळेला फोन लावून ठेवू. तसा लावायचे. भाऊ मशीनवर, एका हाताला सुया, दुसऱ्या हातात फोन कानाला. शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा असायचे, आळंदीचे, गळ्यात तुळशीची माळ, ते म्हणाले की स्पीकरवर टाक रे, मलाही ऐकू दे. टिळकांची रचना अभंगाच्या वळणाचीच आहे, त्यामुळे आजोबांना चाल लगेच धरता आली, हलक्या हाताने ताल देत बसायचे. सिस्टर पण काही बोलल्या नाहीत, फक्त आवाज थोडा कमी करा म्हणाल्या. येशूचे प्रचारक पौल आणि सीला यांची फिलिप्पैच्या तुरुंगातली गोष्ट आहे ना, मध्यरात्री पाय खोड्यात आणि दोघं गातायत, त्यात तुरुंगाची दारं उघडणाऱ्या भूकंपाच्या आधी एक वाक्य आहे की बाकीचे कैदी ऐकत होते. भावाला ते वाक्य फार आवडतं आता. भूकंपाचं तो काही बोलत नाही.

पावसाळ्यात तीन-चार बुधवार पाळकसाहेबांनी आपल्याच मातीतल्या लोकांवर बोलायला घेतलं होतं, तेही खूप चांगलं झालं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला हे आपल्याला माहीत असतं. पण त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं त्यांच्या आत काय चाललं होतं ते कोणी सांगत नाही. रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. १८९० मध्ये त्यांची विधवा मुलींची शाळा, शारदा सदन, मुंबईहून पुण्याला आली, म्हणजे ही वाट बघण्याची शेवटची पायरी त्या आपल्या पुण्यात चढल्या. काम करत होत्या, विधवा मुलींना शिकवत होत्या, लोकांची बोलणी खात होत्या, आणि आत अजून थांबलेल्याच होत्या. नंतर केडगावला मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीत मुलींना रोज जमून प्रार्थना करायला सांगितलं आणि जी मोठी आध्यात्मिक जागृती तिथे झाली ती जूनच्या अखेरीस. आणि बायबलचं भाषांतर, त्यासाठी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मिशनमधल्या बायकांनीच छपाईचे खिळे जुळवून छापलं, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि पूर्ण बायबल बाहेर आलं १९२४ ला. छापलेलं पूर्ण पुस्तक त्यांनी हातात धरलंच नाही. हे सांगून झाल्यावर पाळकसाहेब थोडा वेळ उभेच राहिले.

नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचंही सांगितलं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला, लक्ष्मीबाईंचा १९००. त्या मधल्या काळात दोघांची ताटातूट, नातेवाईकांचा रेटा, मग पुन्हा एकत्र येणं, आणि तरी त्या आपल्या मनाला पटेपर्यंत थांबल्या. घरात दोघं वाट बघणारे होते आणि दोघांची वाट वेगळी होती, हे मला माझ्या आईचं आणि माझं बघून चांगलंच कळतं. आईला वाटतं देव चमत्कार करेल आणि किडनी आपोआप चालू लागेल, मला वाटतं फोन येईल. आम्ही यावरून भांडायचो. आता भांडत नाही, एकाच बाकावर बसतो. बाहेरच्या देशातल्या लोकांची उदाहरणं उपदेशात ऐकून ऐकून गुळगुळीत झालेली असतात, त्यापेक्षा दौंड लोकलने जाता येईल अशा केडगावचं ऐकलं की अंगावर येतं. पाळकांनी असं अजून बोलावं.

आता जे आवडलं नाही ते. साउंडचं बघायला हवं, माईक मधूनच शिट्टी मारतो आणि नेमका शांत वेळेत मारतो. गाण्यांच्या झेरॉक्स इतक्या फिक्या झाल्यात की म्हाताऱ्या माणसांना दिसत नाहीत, नवीन काढायला कितीसे पैसे लागतात. सूचना फार लांबतात, महिला मंडळ, तरुण संघ, सहल, वर्गणी, हे सगळं व्हॉट्सॲपवर टाकता येईल. मोकळ्या प्रार्थनेच्या वेळी एक-दोन जण दहा-दहा मिनिटं घेतात आणि लाजरी माणसं राहून जातात, तिथे पाळकांनी थोडं कडक व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. शांत वेळ पाच मिनिटं असते ती दहा करावी. डासही आहेत, पावसाळ्यात ओडोमॉस लावून जा.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पायऱ्या. दगडी जुनं बांधकाम आहे, समोर उंच पायऱ्या, रॅम्प नाही. जिथे येणाऱ्यांत निम्मे आजारी किंवा आजाऱ्यांचे नातेवाईक आहेत तिथे रॅम्प हवाच. मी कमिटीला लिहून दिलंय, जुनी वास्तू असल्यामुळे परवानगीचं बघावं लागेल म्हणतात. पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा फक्त पायऱ्यांसाठी कापलाय, रॅम्प झाला की बदलेन.

जायचं असेल त्यांच्यासाठी. गाडी आणू नका, एम. जी. रोडच्या बाजूला संध्याकाळी पार्किंग मिळणं कठीण. मेट्रोने पुणे रेल्वे स्टेशनला उतरून रिक्षा केली तर बरं पडतं, पीएमपीच्या बसही भरपूर आहेत. दानाची पिशवी या सभेत फिरत नाही, दाराशी पेटी आहे, ज्याला टाकायचंय तो टाकतो. नंतर चहा असतो, बरोबर कधी क्रीमरोल, कधी कोणी घरून करून आणलेल्या शंकरपाळ्या, आणि थांबा चहाला, निम्मी ओळख तिथेच होते. ख्रिस्ती नसलेलेही येतात, कोणी चौकशी करत नाही. लहान मुलांना आणलं तर मागच्या खोलीत दोन ताया त्यांना चित्रं रंगवायला देतात.

कोणी जाऊ नये? ज्याला तासाभरात उसळून बाहेर पडायचंय त्याचा इथे विरस होईल. इथे बऱ्याचदा माणूस जेवढा थकलेला येतो तेवढाच थकलेला परत जातो, फक्त गायलेला असतो. बरोबर कोणीतरी बसलेलं असतं.

आगमनकाळात, म्हणजे नाताळाच्या आधीच्या चार आठवड्यांत, ही सभा थोडी वेगळी असते. दिवे कमी ठेवतात, दर बुधवारी एक मेणबत्ती वाढवतात, आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायातले शिमोन आणि हन्ना संदेष्टी यांच्यावर वाचन होतं, तारणाऱ्याची वाट बघत थांबलेली ती दोघं. पहिल्यांदा जायचं असेल तर मी म्हणेन तेव्हाच जा, पण तेव्हा बाक लवकर भरतात, सातच्या आत पोचा. व्हीलचेअर किंवा वॉकर असेल तर आधी चर्चच्या ऑफिसला फोन करून ठेवा, तरुण संघाची दोन मुलं खाली येऊन उचलून वर नेतात. माझ्या भावाला नेतात, तो त्यांना दरवेळी म्हणतो वजन वाढलंय रे सांभाळून, आणि ती मुलं त्याला बाजूच्या दाराने थेट तबल्याजवळच्या खुर्चीवर बसवतात, कारण आता त्याला पुढे बसायचं असतं.